दुधाचे माप कोणाच्या हातात?

(बालाघाट येथील मराठी मंडळींपुढे केलेले भाषण, वाचकांसाठी लिहून काढलेले)



व्याख्यान द्यायला म्हणून जावे आणि तिथे आपल्यालाच परीक्षेला बसावे लागावे, असा प्रसंग शिक्षकाच्या आयुष्यात अधूनमधून येतो. बालाघाटला तो माझ्यावर आला. भाषा आणि प्रांत या विषयावर चार शब्द बोलावेत म्हणून तिथल्या मराठी मंडळींनी मला बोलावले होते. मी उभा राहिलो न राहिलो तोच पुढच्या रांगेतले एक वयोवृद्ध गृहस्थ उठले. घरी चार म्हशी. त्यांनी विचारले, "गुरुजी, आमी तिकडं महाराष्ट्रात असतो तं आमच्या दुधाले जास्त भाव भेटला असता का जी?"

सभा हसली. मला मात्र हसू आले नाही. "हो" म्हटले असते तर टाळ्या पडल्या असत्या. माझ्या वडिलांनी १९६७ च्या जनमत कौलात फुलावर शिक्का मारला होता. महाराष्ट्राशी एकरूप झालो की आपले प्रश्न सुटतील, हे वाक्य मी घरात लहानपणापासून ऐकत आलो. त्या वर्षी १ लाख ३८ हजार १७० मते विलीनीकरणाला पडली, १ लाख ७२ हजार १९१ विरोधात गेली, आणि १९८७ साली गोवा स्वतंत्र घटक राज्य झाले. तो इतिहास आता बदलत नाही. पण महाराष्ट्राशी असलेले मनाचे नाते ज्यांनी सोडले नाही, त्यांच्यावर एक जबाबदारी आहे. महाराष्ट्राविषयी बोलताना खरे बोलले पाहिजे. म्हणून मी तयार भाषण बाजूला ठेवले आणि त्या एकाच प्रश्नावर बोललो. सभेत "तुम्ही" म्हणालो ते बालाघाटकरांना. इथे तो शब्द तुमच्यासाठी आहे, कारण फोंडा, डिचोली, सत्तरीच्या गोठ्यातला प्रश्न याहून निराळा नाही.

आधी बालाघाटविषयी थोडे सांगतो. भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून इंग्रजांनी १८६७ साली हा जिल्हा केला. वैनगंगा शिवनीकडून येते, बालाघाटमधून वाहते आणि पुढे गोंदिया-भंडाऱ्याच्या शिवारात उतरते. मध्य प्रांताच्या काळात हा जिल्हा नागपूर विभागात होता आणि १९५६ पर्यंत राज्याची राजधानीही नागपूरच होती. त्या वर्षी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट हिंदीबहुल म्हणून मध्य प्रदेशात राहिला. लांजी, वारासिवनीकडच्या अनेक घरांतली सोयरीक पलीकडच्या गोंदियाशी आणि कचेरी मात्र भोपाळची, अशी स्थिती तेव्हापासून आहे. आगगाडीने गोंदिया चाळीसएक किलोमीटर, जबलपूर त्याच्या चौपटीहून लांब. असे असताना "आम्ही तिकडे असतो तर" हा विचार त्यांच्या मनात का येऊ नये?

ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला शिकवले होते की उत्तर सांगण्याची घाई करू नये, आधी प्रश्न फळ्यावर नीट मांडावा. तसाच मांडतो. दुधाला भाव कमी मिळतो, याचे मूळ कशात आहे?

पहिले मूळ वेळेत आहे. धान विकणारा शेतकरी अडलेला असला तरी त्याचे पोते घरात चार महिने राहू शकते. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्याला स्वतःचे नावही आहे. दुधाला ना नाव, ना सवड. उन्हाळ्यात धारोष्ण दूध चार-पाच तासांत नासू लागते. दुसऱ्या गोठ्यातल्या दुधात मिसळले की ते कोणाचे, हे ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही. घेणाऱ्याला घाई नसते, कारण त्याच्याकडे शीतकरणाची टाकी आहे. तो चार अंशांवर दूध ठेवून उद्याचा विचार करू शकतो. विकणाऱ्याच्या हातात सकाळचे दोन तास असतात. ज्याला थांबता येत नाही त्याने भाव करायचा नसतो, फक्त ऐकायचा असतो.

दुसरे मूळ मापात आहे. याकडे विशेष लक्ष द्या. दुधाचा पैसा केवळ लिटरवर ठरत नाही. त्यातले फॅट, म्हणजे स्निग्धांश, आणि फॅटव्यतिरिक्त उरलेले घन पदार्थ, ज्याला संकलन केंद्रावर एसएनएफ म्हणतात, या दोन आकड्यांवर तो ठरतो. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो. आकडा खाली गेला की पैसे कापले जातात. म्हशीच्या दुधाचा हिशेब बहुधा फॅटच्या किलोवर असतो. आता एक उदाहरण सोडवू. समजा, फॅटचा दर किलोला ८०० रुपये आहे आणि तुमच्या म्हशीच्या दुधाला खरे फॅट ६.० आहे. एका किलो दुधात ६० ग्रॅम फॅट, म्हणजे ४८ रुपये. केंद्रावरच्या माणसाने ते ५.७ लिहिले. फरक ०.३ चा, म्हणजे किलोमागे ३ ग्रॅम, म्हणजे २ रुपये ४० पैसे. रोज दहा किलो दूध घालत असाल तर दिवसाला २४ रुपये आणि महिन्याला ७२० रुपये. हा फरक नळीवरच्या बारीक रेघांत लपतो. मुद्दाम केला की यंत्र बिघडले होते, हे सिद्ध करायला तुमच्या हातात काहीच नसते.

वजनाचेही तेच. एक लिटर दूध सुमारे १ किलो ३० ग्रॅम भरते. दूध मापाने लिटरमध्ये घ्यायचे आणि पैसे तेवढ्याच किलोंचे द्यायचे, की घेणाऱ्याच्या पदरात एक वाटा पडतो. दर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. त्यावर आंदोलने होतात, वर्तमानपत्रांत बातम्या येतात. माप मात्र कोपऱ्यातल्या टेबलावर असते आणि तिकडे कोणी पाहत नाही.

याबाबत एका माणसाचे नाव तुम्हाला सांगावेसे वाटते. स्टीफन बॅबकॉक हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे कृषी-रसायनशास्त्रज्ञ. तिथेही दूध नुसते वजनावर घेतले जाई. पाणी घालणारा आणि चांगले दूध देणारा एकाच भावात मोजला जाई आणि गावोगाव भांडणे होत. बॅबकॉक यांनी १८९० साली फॅट मोजण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. कोणालाही ती करता यावी, हा हेतू. आपल्याकडच्या केंद्रांवर वर्षानुवर्षे चाललेली गर्बर पद्धत तिचीच युरोपीय बहीण. थोडे सल्फ्युरिक आम्ल, काचेची नळी आणि फिरवायचे यंत्र. शाळेच्या प्रयोगशाळेत दहावीची मुले शिक्षकाच्या देखरेखीखाली करू शकतील इतकी ती सोपी आहे. मग ज्ञान मोफत असूनही गोठ्यापर्यंत का पोचले नाही? कारण ज्याच्या हाती नळी, त्याला ते पोचवण्यात रस नाही, आणि ज्याला गरज, त्याने ते मागितले नाही.

तिसरे मूळ दाराचे आहे. गावात दूध घेणारे दार एकच असेल तर भाव त्या दाराचा. गुजरातेत खेडा जिल्ह्यात हेच घडले. १९४५ साली मुंबई सरकारने आणंदहून मुंबईला दूध पुरवण्याची योजना काढली. दूध गोळा करण्याची मक्तेदारी पोल्सन कंपनीकडे गेली. मुंबईत भाव चढला, पण गोठ्यात त्याचा थेंबही पोचला नाही. शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. ४ जानेवारी १९४६ रोजी सामरखा गावी सभा झाली आणि दूध द्यायचे नाही असे ठरले. पंधरा दिवस मुंबईकडे जाणारे दूध थांबले. त्यातून त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली सहकारी संघ उभा राहिला, १४ डिसेंबर १९४६ रोजी त्याची नोंदणी झाली. हाच पुढे अमूल झाला. कुरियन तिथे आले ते १९४९ साली. लक्षात घ्या, संप पंधरा दिवसांचा होता, पण त्यामुळे भाव टिकला नाही. भाव टिकला तो शेतकऱ्यांनी स्वतःचे दार, स्वतःची टाकी आणि स्वतःचे माप उभे केले म्हणून.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. बालाघाट महाराष्ट्रात असता तर भाव जास्त मिळाला असता का?

महाराष्ट्रातली परिस्थिती पाहा. वारणा, गोकुळ यांसारखे नामांकित सहकारी संघ तिथे आहेत, आणि तरीही दुधाचा मोठा वाटा खासगी डेअऱ्यांकडे जातो. २०१८ साली दूध भुकटीचा भाव पडला आणि गायीच्या दुधाचा दर लिटरला सतरा-अठरा रुपयांपर्यंत उतरला. १६ जुलै २०१८ पासून राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने मुंबईचे दूध रोखले. रस्त्यावर दूध ओतले गेले. सरकारने पाच रुपयांचे अनुदान धरून पंचवीस रुपये दर जाहीर केला. २०२० साली पुन्हा आंदोलन. २०२३ च्या जुलैत ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या दुधाला ३४ रुपये किमान दर ठरला, पण काही महिन्यांत डेअऱ्यांनी प्रत्यक्षातला दर खाली आणला. उसाला कायद्याचा आधार असलेला किमान दर आहे, न दिल्यास कारवाई होते. दुधाला असे कवच नाही. जाहीर झालेला दर न दिला तर शेतकऱ्याने कोणाचा दरवाजा ठोठवायचा?

२०२४ चे गणित तर शिक्षकाने वर्गात सोडवून दाखवावे असे आहे. जुलैत ठरले की डेअरीने ३० रुपये द्यावेत, सरकार ५ रुपये देईल, एकूण ३५. ऑक्टोबरपासून ठरले की सरकार ७ रुपये देईल आणि डेअरीने २८ द्यावेत. एकूण किती? पुन्हा ३५. अनुदान दोन रुपयांनी वाढल्याची बातमी गावात आली, लोकांना बरे वाटले. पण गाय पाळणाऱ्याच्या हातात एक पैसाही वाढला नाही. डेअरीवरचा दोन रुपयांचा भार सरकारी तिजोरीने, म्हणजे तुम्ही-आम्ही, उचलला. आणि हे सारे गायीच्या दुधापुरते. आमच्या काकांच्या म्हशींना त्यातले काहीच नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे, सीमाभागातले आहे. बेळगावचा मराठी शेतकरी कर्नाटकात राहिला, याचे दुःख आपल्याला आहे आणि राहील. पण सहकारी संघाला दूध घालणाऱ्याला कर्नाटक सरकार लिटरमागे प्रोत्साहन देते. २००८ साली ते दोन रुपयांनी सुरू झाले आणि पुढे पाच रुपयांवर गेले. ते कधी उशिरा मिळते, पण योजना म्हणून कायम आहे. पलीकडे चंदगडच्या त्याच्याच मावसभावाला अनुदान मिळाले ते आंदोलनानंतर, काही महिन्यांपुरते. हे लिहिताना मला आनंद होत नाही. पण आपल्या साप्ताहिकाच्या वाचकाला हे ठाऊक नसेल तर आपण त्याची फसवणूक करतो.

म्हणून मी त्या गृहस्थांना म्हणालो, "काका, नुसते तिकडे असल्याने भाव वाढला असता असे मी सांगणार नाही. तुमच्या पोरांना मराठी शाळा मिळाली असती, कचेरीत मराठी अर्ज चालला असता, हे खरे. पण टेबलावरची नळी ज्याच्या हातात आहे त्याला सीमा कुठून गेली याच्याशी कर्तव्य नसते."

इथे कोणी म्हणेल, गुरुजी, शहरातल्या गरीब आईलाही मुलाला दूध पाजायचे आहे. भाव वाढवला तर तिने काय करावे? हा आक्षेप खरा आहे. डेअरीवाल्याचेही म्हणणे ऐकावे. टँकर, वीज, पिशवी, दुकानदाराचे कमिशन हा खर्च त्याला चुकत नाही आणि भुकटीचा जागतिक बाजार त्याच्या हातात नाही. पण एक गोष्ट पाहा. भुकटी पडली की तोटा दुसऱ्याच आठवड्यात गोठ्यापर्यंत पोचतो. भुकटी चढली की नफ्याला मात्र वाट सापडत नाही. ढेप, चारा, औषध यांचे भाव गोठ्याचा मालक निमूटपणे भरतो, त्याची सोय लावायला त्याच्या खाली कोणी नसते. रास्त भाव म्हणजे सर्वांत जास्त भाव नव्हे. खर्च निघेल असा तळ असावा आणि चढ-उतार दोन्ही सर्वांनी वाटून घ्यावेत, एवढेच त्यात आहे.

इंग्लंडसारख्या धनाढ्य देशालाही हे कायद्याने करावे लागले. तिथे १९३३ साली दूध विक्री मंडळ स्थापन झाले आणि शेतकऱ्यांचे दूध एकत्रितपणे विकले जाऊ लागले. १९९४ साली ते मोडीत निघाले आणि एकटा शेतकरी मोठ्या कंपनीसमोर उभा राहिला. तीस वर्षांनी, ९ जुलै २०२४ पासून, तिथे नवे नियम लागू झाले. दूध घेणाऱ्याने लेखी करार करावा आणि भाव कसा ठरतो ते त्यात स्पष्ट लिहावे, असे त्यांत सांगितले आहे. ज्यांच्या गोठ्यात शेकडो गायी, त्यांना लेखी वचनाची गरज वाटली. चार म्हशींच्या मालकाने तोंडी शब्दावर कसे विसंबावे?

मग करायचे काय? मी चार गोष्टी सांगितल्या, त्याच इथे सांगतो.

पहिली, पावती. दर वेळी वजन, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम या पाच गोष्टी छापलेली चिठ्ठी घ्या. ती देत नसतील तर स्वतःच्या वहीत तारीखवार लिहा. महिनाभराची वही हा पुरावा होतो, तोंडी तक्रार होत नाही.

दुसरी, स्वतःचे माप. दहा घरांनी वर्गणी काढून एक काटा आणि फॅट मोजण्याचे साधन घ्यावे. महिन्यातून दोनदा तोच नमुना दोन्हीकडे तपासावा. फरक सापडला तर भांडण न करता दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून केंद्रावर लावावेत. गावातल्या शिक्षकाने यात पुढे व्हावे. हा त्याच्या विज्ञानाच्या तासाचाच भाग आहे.

तिसरी, दुसरे दार. मध्य प्रदेशात 'साँची' नावाने विकणारा सहकारी महासंघ आणि त्याचे सहा दूध संघ आहेत. १३ एप्रिल २०२५ रोजी भोपाळला त्यांचा राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाशी करार झाला. कराराने गावात आपोआप दूध संस्था उभी राहत नाही. तुम्ही सभासद व्हाल तर राहील. पण सहकार म्हटले की डोळे मिटू नका. आपल्याकडे फोंड्याजवळ कुर्टीला १९८४ साली स्थापन झालेली गोवा डेअरी आहे. तिच्या आणि देशातल्या कोणत्याही सहकारी संघाच्या बाबतीत नियम एकच: वार्षिक सभेत सभासद गेला नाही, ताळेबंद वाचला नाही, की संस्था सभासदांची उरत नाही. जुन्या मालकाच्या खुर्चीत नवा मालक बसतो, इतकेच.

चौथी गोष्ट सांगितली तेव्हा सभेतले काही पुरुष अस्वस्थ झाले. पहाटे उठून शेण काढते कोण? धार काढते कोण? वैरण आणते कोण? बहुतेक घरांत बाई. आणि सभासदत्व, बँकेचे खाते, पावती कोणाच्या नावावर? डेअरी आपल्याला मापात लुबाडते असे म्हणताना आपण घरात कोणते माप लावतो, हेही तपासावे. दूध घालणारीच सभासद असली पाहिजे. तिला भाव ठाऊक असतो, कारण बादलीचे ओझे तिने उचललेले असते.

सभा संपल्यावर ते वृद्ध गृहस्थ जवळ आले. माझ्या उत्तराने त्यांची निराशा झाली असेल असे मला वाटत होते. त्यांनी विचारले, "गुरुजी, ते नळीचं यंत्र कितीले भेटते जी?" मी किंमत सांगू शकलो नाही, चौकशी करून कळवतो म्हणालो. परतल्यावर कळवले. विलीनीकरणाच्या प्रश्नाला जे उत्तर मी पन्नाशी उलटेपर्यंत शोधत होतो, त्यापेक्षा हा प्रश्न मला अधिक पुढे नेणारा वाटला.

वाचकहो, महाराष्ट्र ही आपल्या भाषेची माती आहे. तिच्यावर प्रेम करू, पण तिच्या दोषांवर पांघरूण घालणार नाही. आणि मराठी माणूस बालाघाटला असो, बेळगावला असो की बांदिवड्याला, त्याच्या दुधाचे माप त्याने स्वतः पाहिले पाहिजे, यासाठी आपण एकमेकांना मदत करू. उद्या सकाळी बादली घेऊन केंद्रावर जाल तेव्हा एवढेच करा. दर विचारू नका, तो भिंतीवर लिहिलेला आहे. नळी उजेडात धरायला सांगा आणि आकडा स्वतः वाचा.